सुगी आणि सुग्गी

साल सत्त्याहत्तर. मला विसावं लागलं होतं, आणि माझं लग्न एका शब्दावर येऊन अडकलं होतं. शब्द काही पोथीतला नव्हता. सुगी. पीक कापायचं, मळायचं, दाणा घरात आणायचा, त्या दिवसांना सुगी म्हणतात हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक असतं. मला तर पक्कं ठाऊक होतं, आणि तेच नडलं. जे माहीत नसतं ते माणूस चार जणांना विचारून घेतो. जे पक्कं माहीत असतं ते विचारायला कोण जातो?

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी काही कारण नसताना कान पिळला, मी उठून घरी आलो तो परत गेलो नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पाठीवर काठी मोडली तरी गेलो नाही. तेव्हा या लिहिण्यात काना-मात्रा हुकली असेल तर वाचणाऱ्यानं सावरून घ्यावं. हे लिहायला बसलो ते नातीमुळं. ती लातूरला शिकती. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, आज्जा, वसंतात आणि शरदात काय फरक असतो ते सांगा, आम्हाला लिहायला दिलंय. मी म्हणलं, पोरी, त्या फरकापायी तुझ्या आज्ज्याच्या लग्नाचा पार खेळखंडोबा झाला होता. ती हसायला लागली. तिला वाटलं म्हातारा थापा मारतोय. आता कागदावर उतरवतोय, म्हणजे थापा नाहीत हे तरी कळेल.

आमचं गाव बिलोलीकडं, मांजरा नदीपासून कोसभरावर. माझी आत्या अहमदपूरला दिलेली. तिच्या मालकांच्या नात्यात निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून एक घर होतं, त्या घरची पोरगी महानंदा. आमच्यासारखीच लिंगायत माणसं, घरची शेती, दावणीला बैल. आत्याचं घर दोन्ही गावांना मधी पडायचं, म्हणून बघायचा कार्यक्रम तिच्याच ओसरीवर झाला. वैशाखाचे दिवस, पत्रा तापून कडकड वाजत होता. मी नवा सदरा घालून बसलो होतो आणि सदऱ्याची कॉलर मानेला कापून राहिली होती. मुलीच्या आईनं विचारलं, शाळा किती झाली? मी मान ताठ ठेवून सांगितलं, तिसरी. दाराआड कोणीतरी फस्सकन हसलं. आता नवरदेवानं अशा वेळी खाली बघून बसायचं असतं. पण मला राहवलं नाही. मी दाराकडं बघून म्हणलं, हसायला काय झालं, तुमची किती? आत्यानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात आतून उत्तर आलं, "सातवी. पण खुरपायला तेवढी लागत न्हाई."

झालं. त्या उत्तरावर माझं लग्न ठरलं असं मी आजही मानतो, बाकीच्यांनी मग काय बोलणी केली ती केली. चेहरा मी नंतर बघितला, चहाची कपबशी पुढं आली तेव्हा. सावळी, नाकात चमकी, आणि हसू दाबल्यामुळं हनुवटी जरा थरथरत होती. कपात चहा होता का पाणी होतं, मला काही सांगता येणार नाही.

तिचे वडील शिवलिंगप्पा. धिप्पाड माणूस, कपाळभर विभूती, आवाज असा की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर करून बघावं. अप्पांचं आणि त्यांचं बैलांवरून सूत जुळलं. लग्न कधी धरायचं हा विषय निघाला तेव्हा शिवलिंगप्पा म्हणाले, "सुग्गी होऊ द्या. सुग्गी झाली की बार उडवू." अप्पा म्हणाले, "हाव. सुगी झाली की." दोघांनी हात धरले, दोघंही खूश. शिवलिंगप्पांनी दोन ग लावून सुग्गी म्हणलं होतं, ते माझ्या कानाला लागलं होतं. पण कानडी मुलखाच्या कडेची माणसं, जीभ जड असायचीच, असं म्हणून मी सोडून दिलं. अप्पांनी तर ऐकलंच नाही.

आता आमच्याकडची सुगी कशी ते सांगतो. आमची जमीन हलकी. खाली मुरूम, वर वीतभर माती. पाऊस आहे तोवर रान हिरवंगार, पाऊस गेला की महिन्याभरात भेगा. म्हणून आमचं जे काय पिकायचं ते पावसाच्या पाठीवर पिकायचं. भादव्यात मूग आणि उडीद, दसऱ्याच्या आसपास हायब्रीट ज्वारी, तळ्याखालच्या खाचरात थोडं भात. दसरा ते दिवाळी आमच्या घरात कोणी धड बसून जेवत नसे. दारात शेंगांचे ढीग, ओसरीवर पोती, बैलांच्या खुरांचा धप धप आवाज, आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडं. कारण परतीचा पाऊस हा मेला चोरासारखा. दिवसभर ऊन असं की पाठ सोलून निघावी, आणि दुपार कलली की नदीकडून काळं उठायचं, गडगडायला लागायचं. मग सगळं घर खळ्याकडं पळायचं, हाताला येईल ते घेऊन. कोणी घोंगडी, कोणी पटकूर, माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, तिनं एकदा अंगावरचं लुगडं सोडून राशीवर टाकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ज्वारी भिजली की काळी पडती, आणि काळ्या ज्वारीची भाकर आठ महिने खावी लागती.

पण वास! मला आज डोळे बांधून उभं केलं तरी मी वासावरून महिना सांगेन. ओल्या कडब्याचा वास, झेंडूचा, शेणानं सारवलेल्या खळ्याचा. नवरात्रात अव्वा देवीपुढं कडाकण्या टांगायची, त्या तळल्याचा. नव्या मुगाचं वरण, त्यात लसणाची फोडणी, आणि कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी. ती भाजी तेल ओतून खाल्ली की उन्हात राबलेल्या माणसाच्या जिवात जीव येतो. आता आमच्याकडं जिकडं तिकडं सोयाबीन. मशीन येतं, घरघर करतं, एका दिवसात रान साफ. चांगलं आहे, माझी तक्रार नाही. फक्त त्याला वास नाही.

आणि आमचा फागुण-चैत? तो म्हणजे निव्वळ रिकामपण. रान उघडं, बैल बसून, माणसं पारावर. पळस पेटायचा, कडुलिंबाला मोहर यायचा, पिंपळ असा कोवळा व्हायचा की लहान पोराच्या तळव्यासारखा. झाडांची नुसती धांदल. शरदात आमच्याकडं माणसं पळायची आणि झाडं गप उभी असायची. वसंतात झाडं पळायची आणि माणसं त्यांच्याच खाली आडवी व्हायची. मला वाटायचं सगळ्या दुनियेत असंच असतं. निलंग्याच्या पलीकडं हे उलटं असेल हे माझ्या बापजन्मी डोक्यात आलं नव्हतं.

तर त्या वर्षी आमची सुगी झाली, आणि छान झाली. पावसानं एकदाच हूल दिली, बाकी दाणा कोरडा घरात आला. अप्पा तर हवेत. भिंतींना चुना लावला, मांडवाची बल्ली सांगून ठेवली, पारावर बसून चार गावच्या माणसांना सांगून टाकलं, सुगी झाली, आता पोराचा बार. अव्वानं उडदाचे पापड घातले. खरं तर पापड हे उन्हाळ्याचं काम, कार्तिकातलं ऊन तसं कडक पण लबाड. सकाळी दव, दुपारी ढग. तिचे पापड दोन दिवस अंथरुणागत घरात-बाहेर चालले होते. मी काही बोलत नव्हतो, पण माझे पाय जमिनीला लागत नव्हते. वखर धरला की बैलाला सोडून मीच पळायचो.

निलंग्याकडून मात्र कोणी येईना. तिथी पोरीच्या बापानं काढायची, स्वामींना विचारून कळवायचं, ही रीत. दिवाळी झाली. पारावरची माणसं मला बघितलं की सुरू व्हायची. "इस्वनाथ, सुगी झाली रं, नवरी कुठाय? पोत्यात बांधून ठिवली का काय?" मी हसण्यावारी न्यायचो. अप्पांना ते जमत नव्हतं. त्यांनी आत्याकडं सांगावा धाडला, आत्यानं पुढं धाडला, आणि बाजाराला आलेल्या एका माणसाच्या तोंडून उत्तर आलं: शिवलिंगप्पा म्हणतात, सुगीला अजून लई वेळ हाय.

अप्पा ओसरीवर पान लावत होते. हातातलं पान त्यांनी तसंच खाली ठेवलं. पोत्यांची थप्पी त्यांच्या पाठीला टेकली होती, पाठीला नवीन ज्वारी आणि पुढ्यात हा निरोप. "माझ्या घरात दाण्याला जागा उरली न्हाई," ते म्हणाले, "अन् ह्यो माणूस म्हणतो सुगीला वेळ हाय. मला खुळ्यात काढून राहिला. पोरगी द्यायची नसंल तर तसं तोंडानं सांगावं माणसानं." ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस वळतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अव्वाला सांगितलं, बोलणी मोडली. देगलूरला एक स्थळ आहे, तुळशीचं लग्न झालं की तिकडं जाऊन येऊ.

मी त्यांचाच पोरगा. त्यांच्या हट्टाला माझा हट्ट नसता तर लोकांनी शंका घेतली असती. मी अव्वाला म्हणलं, मी निलंग्याला जातो आणि तोंडावर विचारतो. ती घाबरली. लग्नाआधी नवरदेवानं एकट्यानं पोरीच्या दारात जायचं म्हणजे लोकांनी तोंडात शेण घालायचं काम. पण तिला माझं थोबाड बघून कळलं असावं की हे थांबत नाही. तिनं फडक्यात धपाटे बांधले, वर लसणाची चटणी, आणि एकच गोष्ट बजावली, "हे बघ. सोयरीक मोडली असंल तर त्यांच्या घरचं पाणी पिऊ नको. प्यालास तर तुझ्या अप्पाचा शब्द पडतो." आमच्यात ते तसंच होतं. मोडल्या घरचं पाणी नाही, आणि पाणी घेतलं तर मोडलं नाही.

एसटीत बसून नांदेड, तिथून लातूर, तिथून निलंगा. आत्या मधेच होती, पण तिच्याकडं उतरलो असतो तर तिनं मला कोंडून घातलं असतं. निलंग्यापासून पुढं चालत निघालो. आणि चालता चालता मी गोंधळलो. आमच्या गावाहून निघताना रानं मोकळी होती, धसकटं उभी, शेळ्या फिरत होत्या. इथं काळीशार जमीन, पाय रुतला की खालून गार लागणारी, आणि त्या जमिनीत गुडघाभर कोवळी ज्वारी वाऱ्यावर हलत होती. जिकडं बघावं तिकडं. मी एका माणसाला विचारलं, हे काय उशिरा पेरलंय का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वेड्याच्या इस्पितळातून सुटून आलोय.

शिवलिंगप्पांचं घर मळ्यातच होतं. अंगणात कोणी नव्हतं. मी चिंचेखाली उभा राहिलो, घसा असा कोरडा की हाक निघेना. तेवढ्यात महानंदा घमेलं घेऊन आडोशातून आली. मला बघून घमेलं हातातून सुटलं नाही, पण कललं. ती तशीच आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. पितळेचा तांब्या, वर फुलपात्र पालथं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. तिनं बघितलं. तिच्याही आईनं तिला हेच शिकवलं असणार, कारण तिनं तांब्या खाली ठेवला नाही, तसाच धरून उभी राहिली.

"मोडायला आला असाल तर पिऊ नका," ती म्हणाली. "न्हाई तर प्या. माझा हात भरून आला."

मी म्हणलं, मोडायला नाही आलो, विचारायला आलो. "सुगीचा वायदा होता. आमची सुगी झाली. तुमची झाली का न्हाई एवढं सांगा."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग समोरच्या गुडघाभर ज्वारीकडं, मग परत माझ्याकडं. "सुग्गी?" ती म्हणाली. "ही अजून पोटरीत बी यायचीय. कणीस कधी, हुरडा कधी, पाखरं राखायची कधी? सुग्गी होळीच्या अंगं. झाडं फुटतात तवा. तुमच्याकडं कधी असती?"

"दसऱ्याला," मी म्हणलं.

कोणी फसवलं नव्हतं. कोणी पलटलं नव्हतं. दोन बाप एकच शब्द बोलले होते, एकाच्या डोळ्यापुढं झेंडू होता आणि दुसऱ्याच्या डोळ्यापुढं पळस. मी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. फुलपात्रात ओतून घ्यायचंही राहिलं, निम्मं सदऱ्यावर सांडलं. ती वळून हसत होती, हनुवटी तशीच थरथरत.

तेवढ्यात शिवलिंगप्पा आणि त्यांची बायको रानातून आले. ते त्या दिवशी मागच्या पट्टीत हरभरा पेरत होते, कमरेला बियांची ओटी बांधलेली. मला बघून ते दचकले. मी वाकून शरणार्थ केलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं: अप्पांचा राग, पारावरची माणसं, देगलूरचं स्थळ. ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या, "अय्यो शिवने, आन् आम्ही म्हणतोय ह्या लोकांना एवढी घाई कशाची." शिवलिंगप्पांना पोटातून हसू आलं ते थांबेना, चिंचेवरचे पोपट उडाले. मला वाटलं संपलं, जिंकलो.

पण हसू ओसरलं तसे ते गंभीर झाले. म्हणाले, पाव्हणं, चूक कुणाचीच न्हाई, पण मी आत्ता लगीन करू शकत न्हाई. आमच्यात लेक वाटेला लावताना नव्या शाळूची, ह्या उभ्या ज्वारीची, मूठ तिच्या ओटीत घालतात. माझ्या आईला घातली, हिला घातली. घरात नवा दाणा नसताना रिकाम्या ओटीनं मी पोरगी धाडणार न्हाई. तुमच्या अप्पांना सांगा, होळीपर्यंत थांबा. मी म्हणलं, मामा, अप्पा थांबणार न्हाईत. त्यांनी चार गावात सांगितलंय सुगी झाली. आता होळीला लगीन लावलं तर लोक म्हणतील पोरीच्या बापानं ह्याला नाचवलं. ते म्हणाले, मग त्याला मी काय करू? त्यांचंही खरं होतं. दोन्हीकडून खरं असलं की माणूस मधी चेंगरतो.

महानंदा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बापापुढं तिनं बोलायचं नव्हतं, पण बोलली. "तुमच्याकडं होळीला काहीच पिकत न्हाई का?" मी म्हणलं, न्हाई, पाऊस गेला की रान उघडं. "एक तुकडा बी न्हाई?" मग मला आठवलं. नाल्याच्या काठाला आमचा एक काळा तुकडा होता, वाहून आलेल्या गाळाचा. मूग काढला की आम्ही तो वखरून तसाच टाकायचो, आजवर कोणी दुसरं पीक घेतलं नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग पेरा की. दुसरी सुगी आली तर तुमच्या अप्पांचा शब्द बी ऱ्हाईल अन् आमचा बी."

शिवलिंगप्पा तिच्याकडं बघून गुरगुरले, सातवी शिकवली ती चूक झाली म्हणाले. पण कमरेची ओटी त्यांनीच सोडली. उरलेला हरभरा माझ्या उपरण्यात ओतला आणि गाठ महानंदाच्या आईनं मारली. "विशाखा नक्षत्र सरायच्या आत पडला पाहिजे," एवढंच ते बोलले. ओल निघून गेली तर मग उपेग न्हाई.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि अप्पा ओसरीवरच होते, जणू मी गेल्यापासून उठलेच नव्हते. मी समोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, कुठं गेला होतास. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, काय म्हणाला तो. मी म्हणलं, त्यांच्याकडं सुगी होळीला असते अप्पा, आपल्यावाणी दसऱ्याला न्हाई, मी डोळ्यानं बघून आलोय, गुडघ्याएवढी ज्वारी उभी हाय. त्यांच्या कपाळाची शीर हलली. क्षणभर वाटलं हसतील. पण पारावर चार गावच्या माणसांपुढं बोललेला शब्द त्यांच्या गळ्यात अडकला होता. "मी बोलणी मोडली होती," ते म्हणाले.

"मी पाणी पिऊन आलो," मी म्हणलं.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. अव्वा दाराशी येऊन उभी राहिली. अप्पांनी विचारलं, "कुणाला इचारून प्यालास?"

"तहान लागली होती."

ते उठले, दोन पावलं चालले, परत बसले. म्हणाले, आता गावाला मी काय सांगू? मी म्हणलं, सांगा एक सुगी झाली, दुसरी व्हायचीय. ते म्हणाले, ह्या गावात दुसरी सुगी माझ्या बापानं बघितली न्हाई, आज्ज्यानं न्हाई, अन् तू कुठला एवढा. मी उपरण्याची गाठ सोडून हरभरा त्यांच्यापुढं ओतला. त्यांनी त्याला हात लावला नाही. आत गेले, जेवले नाहीत. अव्वानं माझ्या ताटात भाकर टाकली आणि हळूच म्हणाली, बियाणं चांगलं आहे रे, टपोरं आहे. तिनं आधीच एक दाणा दातानं फोडून बघितला होता.

मधेच सांगतो, कारण म्हाताऱ्याला मधेच सांगायचा हक्क असतो. पुढं निलंग्याकडचे वसंत मी कितीतरी बघितले. शाळूच्या राशी, वर कोकीळ, खळ्याभोवती पळसाची फुलं वाऱ्यानं येऊन पडलेली. पश्चिमेचा वारा सुटला की तिव्ह्यावर, म्हणजे तीन पायांच्या उंच घडवंचीवर, चढून उपणायचं, दाणा पायाशी आणि भुसा लांब. आभाळाकडं बघावं लागत नाही, पावसाची भीती नाही, माणसं गात उपणतात. हाच फरक, नातीला मी हेच लिहायला सांगितलं. शरदाचा दाणा भीतभीत घरात येतो, वसंताचा गात येतो. शेंगा निवडत बसलेली महानंदा आतून म्हणते, आमची सुग्गी तुमच्या सुगीपेक्षा भारी हे एकदा सरळ लिहा. ते मी लिहिणार नाही. जिद्द आहे.

तर त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवलं तसा उठलो, बैल सोडले, तिफण गाडीत टाकली आणि नाल्याकडच्या तुकड्यावर गेलो. दव पडलेलं, ढेकूळ पायाखाली फुटत होतं पण आतून ओल होती, मी बोट खुपसून बघितलं. तिफण जुंपली, हरभरा कमरेला बांधला. आणि तेव्हा लक्षात आलं की तिफणीला दोन माणसं लागतात. एकानं बैल आणि तिफण सांभाळायची, दुसऱ्यानं वरच्या चाड्यात मूठ सोडायची. मी रागाच्या भरात एकटाच आलो होतो. तरी हट्टानं पेरणीचं एक तास, म्हणजे एक ओळ, काढलं. एका हातात कासरा, एका हातानं बी. बैल एकीकडं, फण एकीकडं, बी तिसरीकडं. तास असं वाकडं गेलं की सापानं लाजावं. मी तिफण परत वळवली, बैलांना शिव्या दिल्या, त्यांचा काही दोष नसताना.

वर बघितलं तर धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, अप्पा उभे. कधी आले माहीत नाही. उपरणं डोक्याला बांधलेलं, धोतर खोचलेलं. माझ्या वाकड्या तासाकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, रानात उतरले, माझ्या कमरेची बियांची ओटी सोडून आपल्या कमरेला बांधली आणि चाड्यावर मूठ धरली.

"हाक बैल," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही, नाल्याकडं बघत म्हणाले, "ती काय म्हणतात त्यांची, सुग्गी... बघू कशी येती."

मी कासरा ओढला आणि बैल सरळ चालले.